तिरडीवरचा डायरेक्टर

मी बारा पिक्चर काढले आणि बाराही पिक्चरमध्ये मेलो. हौस होती म्हणून न्हाय. आमच्या भागात जित्या माणसाला तिरडीवर झोप म्हणून सांगून बघा एकदा. हिरो विहिरीत उडी मारंल, व्हिलन खऱ्या काठीचा मार खाईल, बैलगाडीच्या खाली आडवं व्हायला सांगा, तेही करतील. पण तिरडी आणली की सगळ्यांना घरची कामं आठवतात. कुणाचं मोटारीचं बटन दाबायचं ऱ्हायलेलं असतं, कुणाची म्हैस सुटलेली असते. पहिल्या पिक्चरला मी मढं हुडकत गावभर हिंडलो. शेवटी म्हणलो, मरू दे तिकडं, आणि स्वतःच आडवा झालो.

तवापासून तेच चालू. आमच्या पिक्चरमध्ये कुणीबी मरू दे, तोंडावर कापड टाकलं की खाली मी. हिरोचा बाप मी, गावचा पाटील मी, एकदा तर हिरोईनसुद्धा मीच, पायात पैंजण घालून. पब्लिकला कळायचं. पडद्यावर तिरडी आली की मागनं कुणीतरी म्हणायचं, आला बगा डायरेक्टर, आणि सगळी खी खी हसायची. रडायच्या सीनला हसणारी माणसं मला आजबी आवडत न्हाईत.

माझं नाव हिंमतराव. गाव लोहाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. पिक्चर म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं थेटर येत असंल, तर ते आधी काढून टाका. आमच्या पिक्चरला थेटर न्हाय, सेन्सॉरचं सर्टिफिकेट न्हाय, पोस्टर न्हाय. आधी सीड्या निघायच्या. मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून द्यायला लागले, त्या कार्डात भजनं आणि लावण्यांच्या मधे आमचं 'रक्ताचा बांध' बसायचं. गणपतीत पडदा लागायचा. नळदुर्गला हायवेच्या ढाब्यावर मालक महांतप्पानं टीव्हीवर आमचं 'बांधावरची हडळ' लावलं होतं, तर हैदराबादकडचे ट्रक ड्रायव्हर, ज्यांना मराठीचा म कळत न्हाय, घास हातात धरून बघत बसले. मी कोपऱ्यात चहा पीत बसलो होतो. त्यांची डाळ गार झाली. मला कुणी विचारलं, तुम्ही आयुष्यात काय केलं, तर मी हेच सांगतो. परराज्यातल्या माणसांची डाळ गार केली. हसू नका, लई कमी लोकांना जमतं ते.

आता कुणी विचारत न्हाय, ते सोडा.

पहिला हिरो चाकणला कंपनीत लागला. दुसरा सदस्य झाला ग्रामपंचायतीचा, आणि आता मला म्हणतो, ते मी लुंगीवर नाचलेलं डिलीट करा की. हिरोईन ईट गावाला दिली, तिच्या नवऱ्याला माहीतच न्हाय ती कधी हडळ होती म्हणून. नवी पोरं मोबाईलवर स्वतःच स्वतःचं काढत्यात. त्यांना डायरेक्टर लागत न्हाय, मढं तर त्याहून लागत न्हाय. लग्नाचं म्हणाल तर आमच्याकडं पोरगी देताना आधी रान बघतात, मग नोकरी बघतात. माझं रान खडकाळ आणि नोकरी ही असली. आई होती तोवर घरात बोलणं होतं. ती गेल्यावर मी कधीकधी टीव्ही लावून दुसऱ्या खोलीत बसायचो, कुणीतरी बोलायलंय एवढं वाटावं म्हणून.

गावात मला सगळे डायरेक्टर म्हणतात. मानानं म्हणतात असं समजू नका. डायरेक्टर, दळण आणायला निघाला का, असं म्हणतात. गावात हिंमत म्हणणारं एकच माणूस ऱ्हायलं होतं, ती नागूमावशी.

नागूमावशी म्हणजे शेजारची नागूबाई. रक्ताचं नातं काही न्हाय, मधे एक भिंत. नवरा लवकर गेला, पोरगा-सून अपघातात गेले, नातू शिवराज तिनंच वाढवला. तो आता लोहाऱ्याच्या रूटवर जीप चालवतो. जीभ असली तिखट की भांडायला आलेली बाई निम्म्या वाटेतनं परत जायची. पण तिचा गुण दुसराच. पंचक्रोशीत कुणी गेलं की नागूबाईला बोलावणं यायचं. आमच्याकडं बायका हेल काढून रडतात, म्हणजे गेलेल्या माणसाचं एकेक आठवून, सुरात. पण सुरुवात करायला कुणीतरी लागतं. घरच्या बायका दगडासारख्या बसलेल्या असतात, रडू घशात अडकलेलं असतं. मावशी दारात आली, पदर डोळ्याला लावला आणि पहिली हेल काढली की सगळं घर मोकळं व्हायचं. अशी बाई मला पहिल्या पिक्चरला आई म्हणून मिळाली. माझी सख्खी आई म्हणाली होती, जित्या लेकापुढं मी रडणार न्हाय, तुझ्या पिक्चरला आग लागू दे.

मावशी तयार झाली, पण तिची एक अट होती. शॉट झाला की मला तिनंच उठवायचं. मी आपल्या मनानं उठायचं न्हाय. ती यायची, गालावर एक चापट मारायची, "ऊठ रं मुडद्या" म्हणायची, तोंडात कडुलिंबाचा पाला कोंबायची आणि वर गुळाचा खडा. असं केल्याबिगर तिरडीवरलं माणूस घरात न्यायचं नसतं म्हणे. असला काही नियम मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला न्हाय, तिचा तिनंच काढला असंल. पण अकरा पिक्चर तिनं तो पाळला. शॉट संपला तरी मी डोळे मिटून पडून ऱ्हायचो, तिची चापट येईपर्यंत.

रोज दिवेलागणीला ती भिंतीपलीकडनं विचारायची, "हिंमत्या, भाकरी झाली का रं?" मी व्हय म्हणायचो. झाली नसली तरी व्हय म्हणायचो, न्हायतर ती ताट घेऊन यायची, आणि तिचे गुडघे दुखायचे.

गेल्या दोन वर्षांत तिचं डोकं चळायला लागलं. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग वार, मग माणसं. एक दिवस शिवराजलाच म्हणाली, ड्रायव्हर, मला लोहाऱ्याला सोडता का. शिवराज जीप घेऊन निघून गेला, संध्याकाळपर्यंत घरी आला न्हाय. त्याची बायको प्रतीक्षा लई गुणाची पोर. ती आज्जीला रोज सकाळी स्वतःचं नाव सांगायची आणि मग चहा द्यायची. धाराशिवच्या डॉक्टरनं सांगितलं, हे वाढत जाणार, गोळ्यांनी नुसतं हळू होईल.

पण मला ती ओळखायची. कुणाला न्हाय, मला. भाकरी झाली का हे एका संध्याकाळी तीनदा विचारायची, मी तीनदा उत्तर द्यायचो. प्रतीक्षा म्हणायची, "काका, तुम्ही लकी हाव. आज्जी घरात कुणाचं नाव घेत न्हाय, तुमचं तेवढं घेती." मी हसण्यावारी न्यायचो. घरात येऊन मात्र मला बरं वाटायचं. मनातल्या मनात भीती पण वाटायची. हे नाव तिच्या डोक्यातनं गेलं की गावात हिंमत म्हणणारं कुणी उरणार न्हाय. मग उरला नुसता डायरेक्टर, दळण आणणारा.

बारावा पिक्चर ह्या भीतीनंच सुरू केला. ती मला ओळखते तोवर तिला घेऊन एक पिक्चर करायचा, एवढंच. नाव 'शेवटची जीप'. पहिल्यांदाच भूत न्हाय, सूड न्हाय. धोंडीबा नावाचा जीप ड्रायव्हर, जन्मभर सगळ्यांना ज्याच्या त्याच्या गावी पोचवतो, आणि एक दिवस रिकाम्या जीपमध्ये स्टेअरिंगवर डोकं ठेवून मरतो. शेवटी आई रडते, तिरडी उठते, संपलं. धोंडीबा मीच. दुसरं कोण होतं?

कॅमेरा नेहमीप्रमाणे व्यंकटचा. व्यंकट माझा शाळेपासूनचा दोस्त, लोहाऱ्यात लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. आमचे सगळे पिक्चर त्यानं लग्नसराई सोडून उरलेल्या दिवसांत काढले. त्यालाबी आता कुणी बोलवंना, ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा. तो स्टुडिओ बंद करून लातूरला लेकीकडं निघाला होता, टेम्पोसुद्धा सांगून झाला होता. जायच्या आधी मला एक दिवस दिला. म्हणाला, "हिंमत, शेवटचा सीन उरकून घे. परत मी यायचो न्हाय." त्याचा आवाज जरा कोरडा होता. मी मुद्दाम शिव्या दिल्या त्याला, म्हणजे दोघांनाबी सोपं पडंल.

आता खांदे लागत होते चार. पूर्वी आम्ही दोन भागांत घ्यायचो. आधी रडण्याचा सीन. मग मावशी मला उठवायची, पाला-गूळ द्यायची, घरी जायची. आणि मग दुपारनं, बाया-माणसं गेल्यावर, तिरडी उचलायचा सीन, कधी गवताचा भारा बांधून, कधी मी. पण ह्यावेळी खांदे द्यायला गावात माणूस मिळंना. म्हाताऱ्यांना भीती, तरण्यांना वेळ न्हाय. शेवटी शिवराज म्हणाला, "काका, मी आणि माझे तीन दोस्त येतो. दोन फेऱ्यांच्या मधे. पण शॉट एकदाच. जीप भरली की आम्ही निघालो." अजून एक अट घातली त्यांनी, माझ्या कमरेखाली विळा ठेवायचा. जित्या माणसाला खांदा द्यायचा म्हणजे खाली लोखंड पाहिजे. ठेवला बाबा विळा. मूठ सगळ्या सीनभर माकडहाडाला टोचत होती.

म्हणून ठरलं, एकाच दमात घ्यायचं. मावशी रडणार, पोरं तिरडी उचलणार, वळणावरल्या लिंबाच्या पलीकडं नेणार, कट. आणि तोंडावर कापड न्हाय. धोंडीबा मीच म्हणल्यावर तोंड दिसायला पाहिजे. व्यंकटनं नाकात कापूस घातला, कपाळाला गुलाल-बुक्का लावला, जरा मागं सरकून बघितलं आणि म्हणाला, "बेस दिसायलास. जिता असताना एवढा शांत कधी दिसला न्हाईस."

सकाळचं ऊन होतं. मावशीच्या अंगणातच घेतलं. मी तिला आधी समजावून सांगितलं, मावशी, रडायचं हाय, धोंडीबा म्हणून रडायचं. तिनं मान हलवली. म्हणाली, "मला शिकिवतोस व्हय रं?" म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. मी तिरडीवर जाऊन झोपलो, प्रतीक्षानं तिला धरून घरातनं बाहेर आणलं. व्यंकट म्हणाला, चालू.

मला काही दिसत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं. तिच्या पायातल्या जोडव्याचा आवाज आला, मग थांबला. लई वेळ काहीच न्हाय. मला वाटलं विसरली. आणि मग तिनं हेल काढली.

"अरं माझ्या हिंमत्या रं..."

मी मनात म्हणलो, नाव चुकलं. डबिंगला बघू. आवाज मात्र तोच होता, पूर्वीचा. गळा फाटलेला, पण सूर जागच्या जागी.

"अरं माझ्या हिंमत्या रं, मला टाकून कुठं चाललास रं... दिवाळीला भिंतीवरनं करंज्याची वाटी घ्यायचास रं, आता कुनाच्या हातात दिऊ... घराला बायकू न्हाय आनलीस रं, दिवा लावाया कुनी न्हाय ठिवलंस... समद्या गावाला पडद्यावर बसिवलंस अन् तू आंधारात हुबा ऱ्हायलास रं..."

धोंडीबाच्या गोष्टीत करंज्या नव्हत्या. पडदा नव्हता. ही धोंडीबाला रडत नव्हती.

"भाकरी झाली न्हाय तरी झाली म्हनायचास रं, मला ठावं व्हतं... उपाशी निजायचास रं माझ्या लेकरा... माझ्या आदी तू कसा गेलास, आता मला कोन रडंल रं..."

मी उठून बसायला पाहिजे होतं. तुम्ही म्हणाल तसं. पण शॉट चालू होता आणि मढ्याला कट म्हणता येत न्हाय, ही झाली सांगायची गोष्ट. खरं ऐका. मला ते ऐकायचं होतं. जन्मभर मी असल्या सीनमध्ये पडून दुसऱ्यांच्या नावाचं रडणं ऐकलं, पाटलाचं, हिरोच्या बापाचं, हिरोईनचं. माझ्या नावानं रडणारं कुणीतरी हाय, हे पहिल्यांदा कळत होतं. ते संपू नये असं वाटत होतं. बंद पापणीच्या कडेनं पाणी आलं आणि कानाकडं गेलं. व्यंकटनं कॅमेरा माझ्या तोंडावरनं काढून तिच्याकडं नेला असंल, कारण नंतर बघितलं तर ते दिसत न्हाय.

मग पोरांनी तिरडी उचलली. मावशी मागनं आली चार पावलं, प्रतीक्षानं धरलं तिला. पोरं भराभर चालली, वळण आलं, लिंब आला, पोरांनी मला खाली ठेवलं. शिवराजच्या फोनवर जीप भरल्याचा फोन आला आणि चौघं पळाले. मी तसाच पडून ऱ्हायलो, चापटीची वाट बघत. सवय. जरा वेळानं माझं मलाच हसू आलं. मी कापूस काढला, विळा घेतला आणि परत आलो.

मावशी अंगणात नव्हती. प्रतीक्षा म्हणाली, "आज्जीनं दारातच आंघोळ मागितली. आंघोळ केली आणि झोपली. लई दमली ओ." व्यंकट कॅमेऱ्यात डोळा घालून बसला होता. मला बघून म्हणाला, "हिंमत, असलं आपण उभ्या जन्मात काढलं न्हाय." आम्हा दोघांना इतका आनंद झाला होता की तिनं मला उठवायचं ऱ्हायलंय हे माझ्या डोक्यात आलं आणि निघूनबी गेलं. म्हणलो, झोपलीय, कशाला उठवा. टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता, त्याच्या आत कॉम्प्युटरवर सगळं जोडून घ्यायचं होतं. मी तसाच व्यंकटच्या गाडीवर लोहाऱ्याला गेलो, गुलाल अर्धा कपाळावर.

रात्रभर जोडलं. नाव चुकलेलं होतं, पण व्यंकट म्हणाला, जुन्या पिक्चरमधलं तिचं रडणं टाकू, ओठ कोण बघतंय. मी न्हाय म्हणलो. मग म्हणाला, पिक्चरभर धोंडीबाचं नाव हिंमत कर. नाव तेवढं परत डब करायचं, ते माझ्या एकट्याच्या आवाजात जमण्यासारखं होतं. तसं केलं. सकाळी त्याचं सामान टेम्पोत चढवलं. तो पुढं बसला. टेम्पो गेल्यावर मी बसस्टँडवर चहा प्यायलो आणि जीपनं गावात आलो.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडनं आवाज आला न्हाय.

मी चूल पेटवून बसलो होतो. अंधार पडला. म्हणलो, झोपली असंल. दुसऱ्या दिवशीबी आला न्हाय. मग मी उठून शेजारी गेलो.

मावशी ओसरीवर बसली होती. मला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला. परक्या गड्यापुढं घेतात तसा.

"या पाव्हणं," ती म्हणाली. "कुटनं आलाव?"

मला वाटलं चेष्टा करते. "मावशी, मी हिंमत."

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, उलट कीव होती. "आसं मेलेल्याचं नाव घिऊन बोलू नये," ती म्हणाली. "परवाच न्हेलं त्याला."

प्रतीक्षा आतनं पिठाच्या हातानं बाहेर आली. "आज्जी, हे हिंमतकाकाच हायत. बघ की नीट."

"खुळी का काय तू? माझ्या डोळ्यानं न्हेताना बगितला म्या. रडले, आंघूळ केली. ह्यो दुसरा कुनीतरी हाय." आणि मग माझ्याकडं वळून, "पोरगी ल्हान हाय. मनावर घिऊ नका."

मावशी मला 'तुमी' म्हणत होती. प्रतीक्षा हळूच म्हणाली, "काका, दोन दिवस झाले, हेच. मला वाटलं तुम्ही आलाव की ठीक होईल. परवा तर चूलबी पेटवू देईना, म्हणाली सुतक हाय."

मग मी डोकं लावलं. डायरेक्टरचं डोकं. मोबाईल काढला. त्यात व्यंकटनं न कापलेलं शूटिंग टाकून दिलं होतं. म्हणलो, हिला ते दाखवू, व्यंकटचा 'चालू' म्हणलेला आवाज ऐकू येईल, उमगंल. मी तिच्याजवळ बसून लावलं. ती वाकून बघायला लागली. पडद्यावर तिरडी, तिरडीवर मी, नाकात कापूस. तिनं काचेवरनं हात फिरवला, माझ्या गालावरनं. डोळे भरून आले तिचे.

"ह्यो बगा," ती मला म्हणाली. "झाला का विश्वास? न्हेला बगा."

अकरा पिक्चरमध्ये माझ्या कुठल्याच सीनवर कुणी इतका विश्वास ठेवला नव्हता.

एकच गोष्ट ऱ्हायली होती. मला लाज वाटली, पण केली. मी अंगणात उतरलो, जिथं तिरडी ठेवली होती तिथं, आणि मातीत आडवा झालो. डोळे मिटले. "मावशी," म्हणलो, "उठव मला. चापट मार. पाला दे." प्रतीक्षाच्या नाकातनं रडू दाबल्याचा आवाज आला. मावशी उठली, मला जोडवी ऐकू आली. जवळ आली. तिचा हात माझ्या कपाळाला लागला, गार आणि सुरकुतलेला.

"प्रतीक्षा, पानी आन गं," ती म्हणाली. प्रतीक्षाचं नाव घेतलं तिनं, कितीतरी दिवसांनी. "पाव्हण्याला भवळ आली. लांबनं चालत आलं असत्याल."

मी उठून बसलो. पाणी प्यायलो. तिनं माझ्या पाठीवरली माती झटकली आणि ओसरीवर जागा करून दिली. आम्ही दोघं बसलो. तीच बोलायला लागली. हिंमत्या लई गुणाचा पोरगा होता. त्याला कुणाचं वाईट जमलं न्हाय. पिक्चर काढायचा, समदं गाव हसायचं, ह्यो बापुडा कोपऱ्यात हुबा ऱ्हाऊन लोकांची तोंडं बघायचा. शेवटला पिक्चर अर्धाच ऱ्हायला त्याचा. मला सांगावंसं वाटलं, मावशी, पुरा झाला. परवा रात्रीच पुरा झाला आणि सगळ्यात भारी झाला. पण कुणाच्या तोंडानं सांगणार?

"तुमी वळखत व्हता का त्याला?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणलो. "बघून होतो."

तिनं मान हलवली. शिवराजची जीप वळणावर हॉर्न वाजवून गेली. मी जायला उठलो, तशी तिनं माझा हात धरला.

"त्याच्या तेराव्याला या," ती म्हणाली. "म्या जेवान घालनार हाय. त्याला पुढं-मागं कुनी न्हाय, अन् गावातनं बी कुनी यायचं न्हाय. तुमी तेवढं या."

येतो म्हणलो.